दोर कण्हला नाही

नूरीगोल,
२० ऑक्टोबर १९७८

प्रिय सोक-जू यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसलो की खिडकीतून शेतं दिसतात आणि हात थांबतो. कापणी संपली. या दिवसांत मी वर्गात पोरांना एक कविता म्हणायला लावायचो:

वाकून उभी भाताची रांग,
वारा विचारी, कुणाची सांग.

आता तसं म्हणायची सोय राहिली नाही. हे नवं भात वाकतच नाही. दाणे दुप्पट लागतात, पोटभर भात मिळतो, तक्रार करू नये. पण काड गुडघ्याएवढं आणि ठिसूळ. पूर्वी छातीपर्यंत यायचं. घरांवर पत्रे आले तसं पेंढा साठवणंही संपलं.

हे सगळं दोरासाठी सांगतोय. तू लहानपणीच गाव सोडलंस म्हणून पुन्हा सांगतो, आणि सांगायला मला आवडतं हेही खरं. वर्षाच्या पहिल्या पुनवेला पूर्वेकडून पुरुषांचा दोर यायचा, पश्चिमेकडून बायकांचा. दोघांचे फास एकमेकांत घालून मधे ओंडका खुपसायचा आणि ओढायचं. बायका जिंकल्या तर वर्ष चांगलं. पण पुरुषांनी मुद्दाम हरायचं नाही. घाम गाळून ओढायचं, दोर कण्हेपर्यंत. पेंढ्याचा दोर तुटण्याआधी कण्हतो. सांध्यापाशी दोराला कान लावून कानकरी उभा असतो. त्याला कण्हणं ऐकू आलं की त्याने हात वर करायचा, मग पुरुषांनी पकड सैल सोडायची. दोरही वाचतो, वर्षही वाचतं. एवढी वर्षं कानकरी मी होतो. तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो, पाठ दुखणारा म्हातारा कूस बदलतो तसा.

गेल्या वर्षीचा दोर मनगटाएवढा झाला. बायकांनी हसून घेतलं. प्यो आजी म्हणाल्या, "मास्तर, हा दोर आहे की शेळीचं दावं?" पोरं शहरात, पेंढा असला. या पुनवेला धड दोर झाला नाही तर पुढे कोणी नावही काढणार नाही. माझ्या हयातीत ते होऊ नये, एवढंच वाटतं.

जाता जाता एक काम. आपल्या घाटावरच्या नावेचा दोर झिजला आहे. तुमच्या परीक्षाघरात जहाजाचे दोर ओढून पाहतात ना? त्यातला एखादा जुना पाठवशील का? लांब असावा; किती ते सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय.

तुझा दादा,
थाक यंग-मो

*

बुसान,
६ नोव्हेंबर १९७८

ती. दादांस सोक-जूचा नमस्कार.

दोर पाठवतो. तुम्ही सांगितलेली लांबी वाचून मी हिला म्हटलं, आमच्या गावची नदी एवढी रुंद कधी झाली? ही म्हणाली, मास्तर म्हणजे कवी माणूस, त्यांची नदी रुंदच असणार. असो. उरलेल्या दोराला कपडे वाळत घाला.

नायलॉनचा आहे. एकदा यंत्रात ओढून सोडलेला, म्हणून मोडीत निघाला. दिसायला नव्यासारखा दिसतो. नावेला काही होणार नाही, माणसं आणि एखादी गाय न्यायला हरकत नाही. पण त्याला बैल जुंपल्यासारखं काही करू नका. एकदा ताण खाल्लेल्या दोरावर मी पुरता भरवसा ठेवत नाही.

तुम्ही विचारत असता, दिवसभर तू करतोस काय. ऐका. मी वस्तू मरेपर्यंत ओढतो आणि त्या कशा मरतात ते पाहतो. लोखंडाची कांब आधी लांबते, मग कमरेत बारीक होते, आपल्याला दिसतं की आता ही जाणार. काचेला तसलं काही नाही; होती म्हणेपर्यंत नाही. ताग कुरकुरतो, एकेक धागा पटपट तुटत जातो. आपला पेंढा कण्हतो, ते तुम्हाला मी काय सांगू. नायलॉन मात्र ताण मनात ठेवतं. ओढाल तेवढं लांबतं, तक्रार करत नाही, आणि जातं तेव्हा सगळा ताण एकदम परत करतं. आमच्याकडे त्या वेळी दोराच्या रेषेत कोणी उभं राहत नाही. लोखंडी पत्र्यामागे थांबतो. नावाड्याला एवढं सांगून ठेवा.

गी-थे तेगूच्या कापडगिरणीतच आहे ना? पुतण्याला काकाचे आशीर्वाद सांगा.

सोक-जू

*

नूरीगोल,
११ डिसेंबर १९७८

प्रिय सोक-जू,

दोर मिळाला. शुभ्र आणि मऊ. बैलगाडीतून उतरवताना ओक-बुन, आमची सूनबाई, म्हणाली, "बाबा, याची शाल विणावी वाटते." घाट आता निर्धास्त.

तुझं पत्र मी दोनदा मोठ्याने वाचलं. तू स्वतःला यंत्रवाला म्हणवतोस, पण 'नायलॉन ताण मनात ठेवतं' हे वाक्य माझ्या शाळेतल्या पुस्तकात असतं तर मी ते फळ्यावर लिहून वर्गाला पाठ करायला लावलं असतं. संध्याकाळी पारावर दोर वळायला माणसं जमतात, तिथे म्हणून दाखवलं. प्यो आजी म्हणाल्या, "म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखंच. चाळीस वर्षं बोलले नाहीत, आणि गेले तेही न सांगता." सगळे हसले. त्या स्वतःही हसल्या, मग दोराकडे बघत बसल्या.

हो, दोर वळायला सुरुवात झाली. या वर्षीचा दोर बघायला तू हवास. जाड, अगदी आपल्या लहानपणी होता तसा. तेव्हा दोरावर चढून बसलो की पाय जमिनीला लागत नसत, आठवतं? गाव पुन्हा गावासारखं दिसतं. कुणी माक्कॉलीची, तांदळाच्या दारूची, कासंडी आणतं, कुणी भाजलेली रताळी. ज्यांची एकमेकांशी बोलाचाली बंद होती ते एकाच पेंढीची दोन टोकं धरून बसलेत.

गी-थे सुट्टीत येणार आहे. माझ्या जागी या वर्षी कानकरी तो. माझा डावा कान आता कामातून गेला, आणि ही जागा कधीतरी त्याच्याकडे जायचीच होती. गिरणीत इतके दिवस मागांच्या खडखडाटात काढले, पण त्याचा कान तल्लख आहे. लहानपणी तो दूरवरून सांगायचा, बाबा, पाऊस डोंगरापलीकडे पडतोय.

एक विचारायचं होतं. तसल्या दोरावर पेंढा गुंडाळला तर तो घसरतो का?

दादा

*

बुसान,
८ जानेवारी १९७९

ती. दादांस नमस्कार.

थंडीत नावेच्या दोराला पेंढा गुंडाळायचा विचार चांगला आहे. काठावरच्या खांबाशी घासणार नाही. आधी एक थर ओल्या पेंढ्याचा घट्ट बांधा, वर कोरडा, म्हणजे घसरणार नाही. फक्त हे लक्षात ठेवा की गुंडाळलेला पेंढा म्हणजे नुसता अंगरखा. ओढ सगळी आतल्यावर. आत काय चाललंय ते बाहेरून कळणार नाही. म्हणून अधूनमधून अंगरखा सोडून दोर तपासत चला.

पुनवेला यायची फार इच्छा होती. पण त्याच आठवड्यात उल्सानला जहाजाची तपासणी लागली आहे. लहानपणी आजोबांच्या खांद्यावरून मी तो आवाज ऐकला होता. एवढे दोर ओढले, पण तसा आवाज पुन्हा कधी ऐकला नाही. इकडे पेंढ्याचा दोर कोण तपासायला आणणार?

गी-थेला सांगा, काकाने विचारलंय, दोर काय म्हणाला ते पत्रात लिही. आणि पुनवेच्या सकाळी कान उघडायची थंड दारू जरा जास्तच पी, वर्षभर चांगलं ऐकू येईल. बायकोने डोळे वटारले तर माझं नाव सांग.

सोक-जू

*

बुसान,
२३ फेब्रुवारी १९७९

ती. दादांस,

उल्सानहून मी थेट आलो, तरी गी-थेला डोंगरावर नेऊन पुरून झालं होतं. तुम्ही माझा हात धरून बसलात. मी काही विचारलं नाही. ती वेळ नव्हती.

गावात जे ऐकलं ते इथे आल्यावरही डोक्यातून जात नाही. येताना बसथांब्याजवळच्या दुकानात चार जण बोलत होते. मी तुमचा भाऊ हे त्यांना माहीत नव्हतं. एक म्हणाला, "मास्तरांनी एवढा दणकट दोर केला, पोराने ऐकलं नाही त्याला मास्तर काय करणार." दुसरा म्हणाला, "गिरणीत कान गेलेला माणूस कानकरी कशाला व्हायचा?" मी चहा तसाच ठेवून निघालो. घरी ओक-बुन अंगणात भांडी घासत होती. तिच्या कानावर हे सगळं जात असणार.

परतताना बस पकडायला नावेतून गेलो. पलीकडे उतरल्यावर दोराला हात लावला, सवयीने. जुनाच दोर होता, काथ्याचा. तीन ठिकाणी गाठी मारलेला.

दादा, मी पाठवलेला दोर कुठे आहे?

सोक-जू

*

नूरीगोल,
१८ मार्च १९७९

प्रिय सोक-जू,

तुला ठाऊक आहे कुठे आहे. तरी माझ्याकडून हवंय, ते देतो.

दोर मी पेंढ्याच्या आत घातला. बायकांच्या दोरात एक तुकडा, पुरुषांच्या दोरात एक. नवा पेंढा वळला की तुटायचा. त्याचे पीळ बसेनात. गुंडाळायला मात्र चालला. वळणाऱ्यांपैकी तिघांना माहीत होतं. मी त्यांना सांगितलं, याला ताकद म्हणा, आतलं हाड म्हणा. मास्तर म्हणतात म्हटल्यावर कोणी पुढे विचारलं नाही. आयुष्यभर मी त्यांना उत्तरं पाठ करायला लावली, प्रश्न विचारायला कधी लावले नाहीत. गी-थेला मी सांगितलं नाही. कानकऱ्याच्या मनात शंका नको, असं मला वाटलं. तुला नावेचं सांगितलं, कारण खरं सांगितलं असतं तर तू नाही म्हणाला असतास.

पुनवेच्या सकाळी त्याने थंड दारू घेतली. तुझं नाव सांगून दुसरा पेला मागितला. ओक-बुन म्हणाली, "काकांना इथेच बोलवा, तेही ऐकतील मी काय म्हणते ते." पाच धान्यांचा भात झाला. ऊन चांगलं होतं.

पहिल्यांदा ओढलं आणि दोन्हीकडून जल्लोष झाला. तू हसशील, किंवा तुला हसू येणार नाही, पण दोन्ही बाजू मागे सरकत होत्या. बायकांना वाटलं आपण जिंकतोय, पुरुषांना वाटलं आपण. असं आजवर कधी झालं नव्हतं. मी बाजूला उभा होतो आणि माझे डोळे भरून आले. मला वाटलं, दोर सगळ्यांनाच थोडं थोडं देतोय. मी खरंच असा विचार केला, सोक-जू. तुझं पत्र घरात पडलेलं, त्यात तू लिहिलेलं की ते लांबत जातं आणि तक्रार करत नाही, आणि मी दोर लांबताना बघून कवितेचा विचार करत होतो.

गी-थे सांध्यापाशी, दोराला कान लावून. पुरुष त्याच्याकडे बघत होते. दमले होते, घोटे मातीत रुतले होते, सगळे त्याच्या हाताची वाट बघत होते. कण्हणं आलं की सोडायचं. माझ्या मागून कुणीतरी ओरडलं, "कानकऱ्या, झोपलास का रे?" त्याने दोराला गाल घासला, दुसरा कान लावून पाहिला. मग माझ्याकडे बघून मान हलवली. अजून नाही, बाबा. मी मान डोलावली. असू दे. ओढू देत.

पुरुषांचा दोर एकदम गेला आणि उलटून गी-थेवर आला. तुटल्याचा आवाज झाला तो दोराचा नव्हता.

बायकांची बाजू पाठीवर पडली, ओंडक्यासकट. म्हणजे रीतीने त्या जिंकल्या. पहिला क्षणभर त्यांच्याकडे आनंदाने टाळ्याही पिटल्या गेल्या.

नंतर आठवडाभराने, जिंकलेल्या दोराचा पेंढा वाटून घ्यायचा म्हणून प्यो आजी आणि दोघी-तिघी पारावर आल्या. तो पेंढा गोठ्यात टाकला की गाय चांगली राहते, ही रीत त्यांना मोडवेना. विळा घातला तो आत घसरला. अंगरखा सुटला आणि पांढरं दिसलं. आजींनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "मास्तर, हे काय आहे?" मी म्हटलं, "दोराला जोर यावा म्हणून." त्यांनी विळा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही चांगल्यासाठीच केलं असेल." आणि पेंढा झाकून टाकला, मेलेल्याचं तोंड झाकतात तसा.

तेव्हापासून मला कोणी काही बोलत नाही. दाराशी किमचीची, कोबीच्या लोणच्याची, मडकी ठेवून जातात. मी दिसलो की उभे राहतात. आणि पाठ वळली की माझ्या पोराच्या कानाला दोष देतात. आत दोर दणकट होता, मास्तरांनी घातला होता, मग चूक कानाचीच. ओक-बुन विहिरीवर जात नाही. तिने मला फक्त एकदा विचारलं, "बाबा, त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं का?" मीही तो दोर कधी ऐकलेला नाही. कदाचित तो कण्हला असेल, आणि गिरणीने खरंच गी-थेचा कान खाल्ला असेल.

उरलेला तुकडा आणि आपला नवा पेंढा गाडीवानाबरोबर पाठवतोय. आम्ही गुंडाळला होता तसा गुंडाळ आणि यंत्रात ओढ. तुटेपर्यंत ओढ आणि ऐक. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. जे असेल ते लिही.

दादा

*

बुसान,
५ एप्रिल १९७९

ती. दादांस,

जे आहे ते लिहितो.

परीक्षाघरातली सगळी यंत्रं बंद करायला लावली. खिडक्या लावल्या. दोर तुम्ही सांगितला तसा गुंडाळला. पत्र्याच्या मागून, जिथे यंत्राचं स्थिर टोक आहे तिथे, लाकडी दांडा टेकवला आणि त्याला कान लावून ऐकायची सोय केली. मी एकटा नको म्हणून आणखी तिघांना ऐकायला बसवलं. त्यांना कशासाठी ते सांगितलं नाही.

सुरुवातीला पेंढा सळसळला, सुक्या पानांवरून सरडा गेल्यासारखा. पेंढ्याची वेटोळी सुटत होती. मग तेही थांबलं. दोर लांबत गेला, लांबत गेला, आणि आत काही नव्हतं. आमच्यातला सगळ्यात तरुण पोरगा, ज्याचा कान मी शपथेवर चांगला म्हणेन, म्हणाला, "साहेब, यंत्र चालू आहे ना?" तेवढ्यात तुटला. पत्र्याला पोचा पडला.

चौघांनाही काही ऐकू आलं नाही. ऐकण्यासारखं काही नव्हतं.

मग मी एक गोष्ट केली, जी तुम्ही सांगितली नव्हती. इथल्या एका जुन्या मीठवाल्याच्या छपरातून जुन्या भाताचा लांब पेंढा मिळाला. हाताने दोर वळला. आजोबांनी शिकवलेलं बोटांना थोडंफार आठवत होतं. तोही ओढला. तुटायच्या बऱ्याच आधी तो कण्हला, दादा. दांड्याची गरजच पडली नाही. खोलीच्या दारात चहा घेऊन आलेली बाई थबकली आणि म्हणाली, "कोण आजारी आहे?"

गी-थेचा कान बरोबर होता. तो जे सांगत होता ते खरं होतं, शेवटपर्यंत.

माझं काय? लांबी वाचून मी विनोद केला. पेंढ्याचं विचारलंत तेव्हा मी नावेचाच विचार केला, कारण तेवढा करणं सोपं होतं. दोराचं सगळं लिहिलं आणि तुमच्याबद्दल मला माहीत असून तुम्हाला ओळखलं नाही. हे तुम्ही कुणाला वाचून दाखवू नका, पण मी लिहून ठेवतो.

वर जे परीक्षेचं आणि गी-थेच्या कानाचं लिहिलंय ते वेगळ्या कागदावर, चौघांच्या सह्यांनी, सोबत जोडलं आहे. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. ते वाचलंत तर गावाला कळेल चूक कुठे होती.

सोक-जू

*

नूरीगोल,
२२ एप्रिल १९७९

प्रिय सोक-जू,

रोपं टाकायच्या दिवसाआधी गाव पारावर जमतं. तिथे मी उभा राहिलो. लोकांना वाटलं दर वर्षीप्रमाणे वसंताची कविता. दोघा-तिघांनी टोप्याही काढल्या.

मी तुझा कागद वाचला. पेंढ्याचा अंगरखा, आतली शांतता, तो पोरगा काय म्हणाला ते, मग खऱ्या दोराचं कण्हणं, आणि गी-थेचा कान बरोबर होता ते. शेवटी सांगितलं की आत काय घालायचं ते मी ठरवलं, कानकऱ्याला ते ठाऊक नव्हतं, आणि त्याने मान हलवली तेव्हा तो बरोबर होता आणि मी मान डोलावली. कविता म्हणताना कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा हे मला पक्कं येतं. या वेळी काहीच आलं नाही. पोरं पहिल्यांदा वाचतात तसं अक्षराला बोट लावून वाचलं.

या वेळी माझ्यासाठी कोणी उभं राहिलं नाही. प्यो आजी उठून निघून गेल्या. त्या दिवसापासून दाराशी मडकं येत नाही. ते योग्यच आहे.

सगळे गेल्यावर ओक-बुन तेवढी पारावर उरली. कडेला बसून होती, हातात रोपांची टोपली. मला वाटलं ती आता काहीतरी बोलेल, आणि जे बोलेल ते मी ऐकून घ्यायचं ठरवलं होतं.

ती म्हणाली, "कानाचं आहे तेवढं पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

दादा